नऊ व्होल्टचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटारवाल्याच्या पायाशी मांडलेल्या लहान लहान रंगीत डब्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यातली एक तो पायानं दाबतो आणि त्याच तारांतून एकदम फाटका, करकरीत आवाज येतो. दुसरी दाबली की सूर डोंगरावर आपटून परत आल्यासारखा वाटतो. या डब्या म्हणजे इफेक्ट पेडल. गिटार घेताना सगळं घर चौकशी करतं, पेडल घेताना मुलं महिनाभर माहिती गोळा करतात. पण या डब्यांना वीज कुठून द्यायची, हे दुकानातून निघताना आठवतं आणि मग हाताला लागेल तो अडॉप्टर पिशवीत पडतो. आज मी त्या दुर्लक्षित वस्तूबद्दल बोलणार आहे.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. १९६२ साली अमेरिकेत बाजारात आलेलं मायस्ट्रो फझ-टोन हे पेडल दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालायचं. पुढे नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी रूढ झाली आणि आजही बहुतेक पेडल नऊ व्होल्टचीच असतात. बॅटरीचा मोठा गुण म्हणजे तिच्यातून घूं असा आवाज येत नाही. पण चांगल्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास एवढाच साठा असतो. दहा मिलिअँपिअर घेणारं साधं ओव्हरड्राइव्ह त्यावर पन्नासेक तास चालेल. २०० मिलिअँपिअर खाणारं डिजिटल पेडल मात्र मध्यंतरापर्यंत टिकलं तरी पुष्कळ. आणखी एक गोष्ट, बहुतेक पेडलांत गिटारची वायर आत खोचली की बॅटरी सुरू होते. वाजवून झाल्यावर ती वायर काढली नाही, तर पेडल बंद दिसत असलं तरी रात्रभर बॅटरी संपत राहते.

म्हणून सप्लाय घ्यायचा. तो घेताना तीन गोष्टी आधी बघायच्या.

पहिली, व्होल्ट. पेडलवर नऊ लिहिलं असेल तर नऊच. बाराचा चालेल का, हे बारा लावून पाहायचं नसतं. काही पेडलांना एसी लागतो, तेही तिथंच लिहिलेलं असतं.

दुसरी, टोकाची दिशा. गिटार पेडलांच्या पिनमध्ये मधला भाग सहसा ऋण आणि बाहेरचा धन असतो. घरातल्या राउटरच्या किंवा खेळण्यांच्या अडॉप्टरमध्ये बहुधा याच्या उलट असतं. पिन मात्र तीच, अगदी चपखल बसते. त्यामुळे पिन बसली म्हणजे अडॉप्टर जुळला, असं समजू नका. वर्तुळ आणि ठिपक्याची छोटी खूण दोन्हीकडे छापलेली असते, ती जुळवून पाहा.

तिसरी, मिलिअँपिअर. इथं लोक उलटंच घाबरतात. पेडलला शंभर लागतात आणि सप्लाय पाचशेचा आहे, तर पेडल जळेल का? नाही. विहिरीला कितीही पाणी असलं तरी घागरीत घागरभरच येतं. भीती कमी पडण्याची असते. सगळ्या पेडलांचे आकडे मांडून बेरीज करा आणि वर थोडी सवड ठेवा. ओव्हरड्राइव्ह १०, कोरस २०, ट्यूनर ३०, डिजिटल डिले २००, झाले २६०. इथं चारशे-पाचशेचा सप्लाय निवांत चालेल.

एवढं जुळलं तरी घूं राहतेच, अशी तक्रार असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिचं डीसी करताना १०० हर्ट्झची लहर मागं उरते. सहाव्या, जाड तारेवर तिसऱ्या घरात जो सूर लागतो, त्याच्या अगदी शेजारचा हा आवाज. सप्लाय हलका असेल तर ही लहर गिटारच्या सुरात मिसळते आणि डिस्टॉर्शन तिला चांगलंच फुगवतं.

दुसरं कारण म्हणजे एकाच अडॉप्टरला माळेसारखी सगळी पेडल जोडणं. यात डिजिटल पेडलची किणकिण त्याच वायरीतून शेजारच्या पेडलमध्ये शिरते. जुन्या घडणीच्या काही फझ पेडलांत तर धन टोक जमिनीला जोडलेलं असतं. असं पेडल माळेत आलं की सरळ शॉर्ट होतो. यावर उपाय म्हणजे आयसोलेटेड सप्लाय. त्याच्या प्रत्येक आउटपुटची वीज वेगळी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मात्र आठ भोकं दिसली म्हणजे आठ स्वतंत्र आउटपुट असतील असं नाही. सप्लाय प्लगमधून काढून दोन आउटपुटच्या पिनांच्या मधल्या, म्हणजे ऋण भागांना मल्टिमीटर लावा. बीप वाजला तर आतून सगळं एकच आहे.

परदेशातून कुणी नातेवाइकांनी आणलेला सप्लाय असेल तर तो २३० व्होल्टला चालतो का, हे आधी वाचा. अमेरिकेतले काही ट्रान्सफॉर्मरचे सप्लाय फक्त १२० व्होल्टचे असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही वर्षांपूर्वी एका लॉनवरच्या कार्यक्रमात आमच्या गिटारची घूं काही केल्या जाईना. कुणीतरी सुचवलं, अँपच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाका. काढली. घूं थांबली, सगळे खूश. दुसऱ्या गाण्याला गिटारवाल्याचे ओठ माइकला लागले आणि तो मागं फेकला गेला. सुदैवानं वाचला. पिन काढायला हो म्हणणाऱ्यांत मीही होतो.

झालं होतं ते असं. अँप आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर होते, दोघांच्या अर्थिंगचं वेटोळं तयार झालं होतं, त्यातून घूं येत होती. पिन काढल्यावर वेटोळं तुटलं, पण अँपच्या पत्र्याचं संरक्षणही गेलं. तो पत्रा वायरीमधून गिटारच्या तारांना जोडलेला असतो. आत गळती असली की तारांवर वीज, माइकला अर्थिंग आणि मध्ये माणूस. १९७२ साली वेल्समधल्या स्वानसी इथं स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी नीट अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच गेला.

तेव्हा घूं आली तर अँप, मिक्सर आणि पेडलचा सप्लाय एकाच अर्थिंगवर घ्या. पेडलांना आयसोलेटेड सप्लाय द्या. मिक्सरकडे जाताना डीआय बॉक्स असेल तर त्यावर अर्थ तोडण्याचं बटण असतं, ते फक्त आवाजाच्या वायरीपुरतं असतं, ते खुशाल वापरा. मंडपात गेल्यावर सॉकेट टेस्टरनं अर्थिंग आहे की नाही ते पाहा. नसेल तर मंडपवाल्याला तसं स्पष्ट सांगा, कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला तरी चालेल.

थोडी घूं आली म्हणून प्रेक्षक उठून जात नाहीत. ती जाड पिन मात्र जागेवर राहू द्या.