रंग बदलणारी भिंगे

(ज्ञातिमंडळाच्या आगाशी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चष्म्यासारख्या क्षुल्लक वस्तूविषयी ह्या व्यासपीठावरून बोलावे काय, असा प्रश्न कोणी करील. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या वृद्ध मातोश्री अंगणातून घरात येताना पायरीवर पडल्या व त्यांचे मनगट मोडले. तेव्हापासून हा विषय आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

त्यांच्या डोळ्यांवर उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा होता. तो आम्हीच हौसेने करून दिला होता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना ऊन सोसत नसे. आणि सुकेळीसाठी सोललेली राजेळी केळी वाळत घातली की ती उलटण्यास भर उन्हात उभे राहण्याची त्यांची जन्माची सवय काही सुटेना. उन्हात चष्म्याने उत्तम काम दिले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. घात झाला तो सावलीत.

अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या स्टूकी व आर्मिस्टेड ह्या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण असलेली अशी काच सिद्ध केली. उन्हातील अदृश्य अतिनील किरण पडताच ती काळवंडते व किरण थांबले की निवळते. आजच्या प्लॅस्टिकच्या भिंगांत चांदीऐवजी सेंद्रिय रंगद्रव्ये असतात. (दुकानात कित्येक जण ती अजूनही ‘फोटोसन’ म्हणूनच मागतात!) काळे होण्यास त्यांना अर्धा-एक मिनिट पुरतो, निवळण्यास मात्र कित्येक मिनिटे लागतात. म्हातारपणी डोळाही अंधाराला हळूहळूच सरावतो. त्यात आपली जुनी घरे, भोवती वाडीची दाट सावली, आत माजघरात दिवसाही अंधार! मातोश्रींना पायरी दिसलीच नाही. दुकानदाराने ही गोष्ट सांगितली नाही, आणि आम्हीही विचारली नाही.

आणखी एक गंमत पाहा. उष्णतेने ही रंगद्रव्ये लवकर मूळ स्थितीस येऊ पाहतात. म्हणून वैशाखातील दुपारी, जेव्हा गरज सर्वांत अधिक, तेव्हा ही भिंगे थंडीतल्याइतकी गडद होत नाहीत. मोटारीची पुढची काच अतिनील किरण बहुतांशी अडविते. त्यामुळे रोज विरारपर्यंत गाडी हाकणाऱ्या आमच्या चिरंजीवांना त्यांचा उपयोग जवळजवळ नाहीच. त्यांनी साधा काळा चष्मा निराळा ठेवला आहे. उलट सायंकाळी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर फिरताना आम्हांस स्वतःस ही भिंगे फार सुखाची वाटतात. काही वर्षांनी रंगद्रव्य थकते व भिंगे बदलावी लागतात, हा खर्चही आधीच धरून चालावे.

मातोश्रींनी चष्मा टाकला नाही. आता त्या उन्हातून आल्या की ओटीवर बसतात, नातीला समोर उभी करून “काचा निवळल्या का गं?” असे विचारतात, आणि मगच आत येतात. पायरीच्या कडेला आम्ही पांढऱ्या रंगाचा रुंद पट्टा ओढून घेतला आहे.