मतभेद आणि शाळाप्रमुख
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी रविवार पेठेतील कापडाचा व्यापारी. शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि एका शाळेच्या समितीवर काही वर्षे काम करण्याचा योग आला. त्या अनुभवातून शाळाप्रमुखाच्या एका अवघड कर्तव्याविषयी दोन शब्द सांगतो.

कर्मवीर भाऊराव पाटील हे आपल्या समाजाचे भूषण. विद्यार्थिदशेत ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत. अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर, स्नान केल्याखेरीज भोजनाला बसता येणार नाही, असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

लठ्ठे स्वतः समाजसुधारणेचे पुरस्कर्ते होते. म्हणूनच हा प्रसंग विचार करावयास लावतो. सज्जन प्रमुखाच्या हातूनही नियम राखताना विद्यार्थी गमावला जातो. नियम मोडणाऱ्या मुलामागे उद्दामपणा आहे की सद्सद्विवेक, हे त्याला विचारल्यावाचून कसे कळावे?

पुढे 1914 साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी कारावास सोसला, परंतु साक्ष दिली नाही. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली. मतभेद मनात राहिला, वैर मात्र राहिले नाही.

आता माझी चूक सांगतो. आमच्या शाळेतील एक शिक्षिका वारंवार उशिरा येत. समितीच्या भर बैठकीत मी त्यांच्यासमोर हजेरीपट उघडून ठेवला आणि जाब विचारला. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. आठ दिवसांत त्यांचा राजीनामा आला. त्यांच्या यजमानांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी न्यावे लागत होते, हे मला नंतर समजले. मुख्याध्यापकांना ते ठाऊक होते. पण मी त्यांनाही बोलण्यास अवसर दिला नव्हता. गणिताच्या उत्तम शिक्षिका आम्ही गमावल्या.

दुकानात ताग्यातून कापड फाडण्यापूर्वी आम्ही गिऱ्हाइकाला पुन्हा एकदा माप विचारतो, कारण फाडलेले कापड ताग्याला जोडता येत नाही. चारचौघांत उच्चारलेल्या शब्दाचेही तसेच आहे.

म्हणून शाळाप्रमुखांना माझी नम्र विनंती आहे. तक्रार आली की संबंधिताला एकट्याला बोलवावे. प्रथम त्याचे पूर्ण ऐकावे. दोष कृतीचा सांगावा, माणसाचा नव्हे. पालक संतापून आले तर त्यांना आधी बसवावे, पाणी द्यावे, आणि शिक्षकाची बाजू ऐकल्यावाचून कोणतेही वचन देऊ नये. निर्णय कठोर घ्यावा लागला तरी तो स्वतः, समोरासमोर सांगावा. शिपायाच्या हाती चिठ्ठी देऊन नव्हे. आणि विश्वस्तांनी मध्ये पडू नये, हे मी स्वतःलाच बजावतो.

सत्याला अनेक बाजू असतात, हा अनेकान्ताचा संस्कार आपण बालपणापासून ऐकतो. त्याची खरी परीक्षा मुख्याध्यापकांच्या खोलीत होते.

त्या भगिनींना मी पुढे घरी जाऊन भेटलो आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. त्यांनी चहा दिला. शाळेत मात्र त्या परतल्या नाहीत.