कुरकुऱ्या माणसाची सेवा



गोड बोलणाऱ्याची सेवा कोणीही करतो. आपली कसोटी लागते ती कुरकुऱ्या माणसाजवळ. घरात म्हातारी सासू आजारी असते. सुनेने पेज दिली, तर म्हणते, मीठ नाही. मीठ घातले, तर म्हणते, खारट केलीस. सून बिचारी थकते. "एवढे करून यश नाही," असे तिच्या तोंडून निघते. आपण तिला दोष देणार नाही. पण अशा वेळी ख्रिस्ती माणसाने काय करावे, हे आज पाहू.

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. हे काम त्या काळी घरच्या गड्याचे. योहानाच्या शुभवर्तमानात ही हकीगत आहे. त्या शिष्यांत यहूदाही होता. तो आपल्याला धरून देणार, हे प्रभूला ठाऊक होते. तरी त्याला वगळले नाही. पाय धुतले म्हणून यहूदा सुधारला का? नाही. तो उठून बाहेर अंधारात गेला. म्हणजे सेवेचे फळ लगेच पदरात पडेलच, असे नाही. फळ आपल्या हाती नाही. पाणी आणि रुमाल आपल्या हाती आहेत.

आता आपल्या मुलखातले उदाहरण घेऊ. १८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. पंडिता रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सुमारे तीनशे मुली व बाया त्यांनी आणल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांना आसरा दिला. त्या घराचे नाव मुक्ती. या मुली काही शहाण्यासुरत्या होऊन आल्या नव्हत्या. अंगावर चिंध्या, हाडांचे सापळे. कोणी चिडखोर, कोणी भांडखोर. रमाबाईंनी त्यांना हाकलले नाही. आधी पोटभर अन्न दिले. मग अक्षरओळख आणि हाताला काम दिले.

हे त्यांना कसे साधले? रमाबाईंचे आईबाप आणि बहीण दुष्काळातच उपासमारीने गेले होते. भुकेला माणूस का ओरबाडतो, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. १९२२ साली रमाबाई वारल्या. मुक्तीचे काम पुढे चालू राहिले.

आमचा जन्म शाळेत गेला. द्वाड पोराची आम्ही चौकशी करीत असू. बहुतेक वेळा कळे, की ते पोर उपाशी आले आहे, नाहीतर घरी मार खाऊन आले आहे. मोठ्या माणसांचेही तसेच. कोणाचे गुडघे रात्रभर ठणकतात. कोणाला कानाने ऐकू येत नाही, म्हणून वाटते, सगळे माझ्याविरुद्ध बोलतात. दुखणे दिसत नाही. शिवी मात्र ऐकू येते.

म्हणून कुरकुर ऐकली, की आधी विचारावे, "बाई, कुठे दुखते?" उत्तराला उत्तर देऊ नये. पाणी देण्याच्या निमित्ताने क्षणभर बाहेर यावे. मनात देवाचे नाव घ्यावे आणि पुन्हा आत जावे. सेवा एकट्या सुनेवर टाकू नये. मुलाने, नातवाने पाळी वाटून घ्यावी. थकलेल्या हाताला प्रेम जड होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रेम म्हणजे मुकाट्याने मार खाणे नव्हे. दारुड्याला भाकरी द्यावी, दारूला पैसे देऊ नयेत. तो हात उगारील, तर शेजाऱ्यांना हाक मारावी. वेळ पडली तर पोलीसपाटलाला सांगावे. मनात सूड नसला म्हणजे झाले. त्याचे पाप वाढू न देणे, हीसुद्धा त्याची सेवाच आहे.

तेव्हा उद्या सकाळी पेजेचा वाडगा घेऊन जाल, तेव्हा ती म्हातारी कदाचित पुन्हा म्हणेल, "मीठ नाही!" हसून म्हणा, "आणते, आई." तेवढ्या दोन शब्दांत पुष्कळ धर्म आहे.