गाडीवरचे ओरखडे : नखाने ओळखा, हाताने काढा

ऊसतोड सुरू झाली की आपल्या बेलापूरच्या रस्त्यांवर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. श्रीरामपूरला जायचं म्हटलं तर पुढे उसाची ट्रॉली, मागे उसाची ट्रॉली. बाजूला लोंबणारं वाढं गाडीला घासून जातं आणि दारावर पांढऱ्या रेघा उमटतात. उसाच्या पानाच्या कडेने हात कसा चिरतो, ते शेतात उतरलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. त्या कडेला बारीक दाते असतात आणि त्यांत सिलिका असते, म्हणजे वाळूत असतो तोच पदार्थ. हाताला जे होतं तेच गाडीच्या रंगाला होतं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आज गाडीचा विषय कसा काढला? सांगते. आपल्या गटांतल्या कितीतरी घरांत आता चारचाकी आहे. कुणाची शाळेच्या मुलांची गाडी आहे, कुणाची दुधाची पिकअप, कुणाची घरची कार. बहुतेक गाड्या कर्जावर घेतलेल्या, आणि कर्जाच्या कागदावर कितीदा तरी सही आपली असते. गाडी धुतं कोण? आपण आणि आपली पोरं. पण ओरखडा पडला की निर्णय दुसराच घेतो. गॅरेजवाला म्हणतो, "अख्खं दार रंगवावं लागेल," आणि काही हजार रुपये जातात. नाहीतर गाडी विकायला काढली की घेणारा त्याच रेघेवर बोट ठेवून किंमत पाडतो. म्हणून कुठला ओरखडा घरी निघतो आणि कुठला निघत नाही, हे आपल्याला कळलं पाहिजे.

आधी गाडीचा रंग कसा असतो ते बघू. पत्र्यावर पहिला थर गंज रोखणारा, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग, आणि सगळ्यांत वर काचेसारखा पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. हा वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर हा थर केसापेक्षाही पातळ झाला. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

ओरखडा ओळखायच्या तीन खुणा आहेत.

पहिली खूण नखाची. गाडी स्वच्छ धुवा आणि रेघेवरून नख आडवं, हलक्या हाताने फिरवा. नख सरळ घसरत गेलं तर ओरखडा वरच्या थरातच आहे, तो हाताने निघण्यासारखा आहे. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे.

दुसरी खूण पाण्याची. रेघेवर पाण्याचा ओला बोळा फिरवा. ओलं असेपर्यंत रेघ नाहीशी झाली आणि वाळल्यावर परत दिसली, तर ती उथळ आहे. जुनी गाडी विकत घेताना ही खूण उलट्या बाजूने उपयोगी पडते. काही जण गाडी दाखवण्याआधी तिच्यावर तेलकट काहीतरी पुसून ठेवतात. त्या दिवशी गाडी झळकते, दोनदा धुतली की सगळ्या रेघा हजर. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा आधी धुवायला सांगा, पुसून कोरडी करा आणि उन्हात तिरक्या नजरेने बघा.

तिसरी खूण रंगाची. रेघेत राखाडी किंवा पांढरट प्रायमर दिसतो का, पत्रा चमकतो का, ते बघा. दिसत असेल तर घासण्याचा काही उपयोग नाही. तिथे रंगच भरावा लागतो.

आणखी एक गंमत आहे. कधीकधी तो ओरखडा नसतोच. दुसऱ्या गाडीचा रंग, भिंतीचा चुना किंवा फाटकाचा ऑइलपेंट आपल्या गाडीवर चिकटून बसलेला असतो. तो काढणं सगळ्यांत सोपं.

आता घासल्याने ओरखडा जातो तो कसा? पुष्कळांना वाटतं, मलम लावलं की चर भरून येते. तसं नाही. नवं स्टीलचं ताट घ्या, त्यात तोंड दिसतं. तेच ताट वर्षभर घासणीने घासा, तोंड दिसेनासं होतं, कारण बारीक रेघांवरून उजेड चहूकडे फाकतो. गाडीवरची रेघ पांढरी दिसते ती याच कारणाने. घासताना आपण चर बुजवत नाही, चरीच्या दोन्ही बाजूंची जमीन खरवडून चरीच्या पातळीला आणतो. म्हणजे प्रत्येक वेळी तो केसाहून पातळ थर थोडा थोडा खर्च होतो. गेलेला थर परत येत नाही. म्हणून कमीत कमी घासायचं.

घासायला जे मलम मिळतं त्याला रबिंग कंपाउंड म्हणतात आणि त्याहून बारीक असतं ते पॉलिश. स्पेअर पार्टच्या दुकानात लहान ट्यूब किंवा डबी मिळते, साध्या सुती साडीच्या किमतीच्या आत. त्यात बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडची अगदी बारीक पूड असते. हा परका पदार्थ नाही. कुरुंद दगड म्हणतो ना आपण, तो हाच. इंग्रजीतला कोरंडम हा शब्दही आपल्या देशातल्या भाषांतूनच तिकडे गेला. माणिक आणि नीलम ही रत्नंसुद्धा याच जातीची.

आणि हाताने घासणं हे काही कमी दर्जाचं काम नाही. १९२० च्या आधी परदेशात मोटारींना ब्रशने वॉर्निशचे थर द्यायचे, मधले थर दगडाच्या पुडीने हाताने घासायचे, आणि एक गाडी रंगून तयार व्हायला कित्येक आठवडे लागायचे. १९२४ साली अमेरिकेत ओकलंड नावाच्या गाडीला ड्युको हा लवकर वाळणारा रंग दिला, तेव्हा ते काम दिवसांवर आलं. पॉलिशचं मशीन नंतरचं, हाताची विद्या आधीची.

आता कृती सांगते. गटात कुणी लिहून घेत असेल तर घ्या.

गाडी सावलीत लावा. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर मलम लगेच वाळतं आणि डाग धरतं.

आधी नुसतं भरपूर पाणी मारून धूळ वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीच्या शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. फडकं साध्या पाण्यात पिळल्याशिवाय शॅम्पूच्या पाण्यात बुडवायचं नाही. टपापासून खाली धुवत या, सगळ्यांत जास्त माती खाली असते. कपड्यांची पावडर वापरू नका, ती गाडीवरचं मेण काढून टाकते.

गाडी पुसून कोरडी करा. जवळच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर आणि रबरावर चिकटपट्टी लावा, नाहीतर मलम तिथे पांढरं होऊन बसतं.

मायक्रोफायबरचं फडकं घ्या, त्याची शिवलेली चिठ्ठी कापून टाका. ते नसेल तर जुन्या सुती बनियनचा मऊ तुकडा चालेल. गुंडी, जरी, जाड शिवण काही नको. फडकं खाली मातीत पडलं तर ते बाजूला ठेवून दुसरं घ्यायचं.

आधी दाराच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. मग हरभऱ्याएवढं मलम फडक्यावर घ्या आणि एका वितीएवढीच जागा धरा. बोटाच्या टोकाने दाबू नका, बोटं सपाट ठेवा. आडवे दहा-पंधरा हात, मग उभे दहा-पंधरा हात. जोर पोळी लाटताना असतो तेवढाच, तवा घासतानाचा नको. पुसा, तिरकं बघा. रेघ फिकी झाली असेल तर अजून एकदा. दोन-तीन वेळा करूनही फरक पडला नाही तर थांबा, ती रेघ खोल आहे.

मध्येमध्ये फडकं उलटून बघा. क्लिअर कोट असलेल्या गाडीत फडक्यावर गाडीचा रंग येता कामा नये. आला तर वरचा थर संपला, लगेच थांबा. जुन्या जीप, ट्रॅक्टर यांच्या साध्या रंगावर क्लिअर कोट नसतो, तिथे फडक्याला थोडा रंग लागणारच. दाराच्या कडा आणि पत्र्याची उठलेली घडी यांवर रंग आधीच पातळ असतो, तिथे जपून. आणि गाडी मॅट रंगाची, म्हणजे मुळात चमक नसलेली असेल, तर मलम लावूच नका.

रेघ गेली की तेवढ्या जागेवर बारीक पॉलिश फिरवा, पुसा आणि शेवटी गाडीच्या मेणाचा पातळ हात द्या.

आता काय वापरायचं नाही ते ऐका. हिरवी घासणी, तारेचा चोथा, राख, वाळू, पितळेची भांडी घासायची पावडर, यांतलं काहीही नको. भांड्याचं पितळ जाड असतं, ते सोसतं. गाडीचा थर केसाहून पातळ आहे. पेट्रोल आणि थिनरही नको. टूथपेस्टबद्दल पुष्कळ जणी विचारतात. तिच्यात घासणारी पूड असते, त्यामुळे अगदी फिकी रेघ थोडी कमी दिसते. पण ती दातांसाठी केलेली आहे, कंपाउंडचं काम तिच्याने होत नाही.

पत्रा उघडा पडला असेल तर मात्र पावसाळ्याची वाट बघू नका. उघड्या पत्र्याला गंज धरतो आणि तो रंगाखालून पसरत जातो. गाडीवर रंगाचा कोड लिहिलेली पट्टी असते, दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली. तो कोड दाखवून टचअपची बाटली मागा. जागा धुवून कोरडी करा, बारीक ब्रशने पातळ थर द्या, वाळू द्या, मग दुसरा द्या. जवळून ठिपका दिसेल, पण गंज थांबेल. गॅरेजला गेलात तरी विचारा, "नख अडकतं का? नुसत्या पॉलिशने भागेल का?" प्रश्न विचारणाऱ्या बाईला उत्तर नीट द्यावं लागतं.

सगळ्यांत मोठी गोष्ट शेवटी. बहुतेक बारीक ओरखडे उसाने पडत नाहीत, आपल्या कोरड्या फडक्याने पडतात. सकाळी धूळ भरलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं की धुळीतला गारगोटीचा कण रंगावरून ओढला जातो. गारगोटी काचेलासुद्धा ओरखडते, मग या थराची काय कथा? म्हणून आधी पाणी, मग फडकं. गाडीवर कपडे वाळत घालू नका, टपावर टोपली ठेवू नका, आणि जनावरं अंग घासतील अशा जागी गाडी उभी करू नका. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

पुढच्या बैठकीला जिच्याकडे गाडी आहे तिच्या दारात जमा आणि प्रत्येकीने नखाची खूण स्वतः करून बघा. एकीने शिकली की दहा जणींना येईल. मग हप्ता आपला, गाडी आपली आणि तिच्या अंगावरच्या रेघेचा निर्णयही आपला.