बेरीज आणि वीस सामने

फुटबॉलच्या युरोपीय चषकातील सर्वकालीन विक्रमांची कोष्टके, म्हणजे 1955 पासूनच्या सर्व हंगामांतील क्लबांचे विजय, गोल आणि गुण एकत्र मांडणारे तक्ते, क्लबच्या थोरवीपेक्षा त्याला लाभलेल्या संधींचीच मोजदाद अधिक करतात, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकातील गाब्रिएल आनो यांची मूळ कल्पना आणि 1992 मधील ‘चॅम्पियन्स लीग’ हे नामांतर श्रोत्यांना ठाऊकच असल्याने त्यांचा उल्लेख पुरेसा आहे.

1956 मध्ये रिअल माद्रिदने पहिला चषक 7 सामन्यांत जिंकला, तर 2025 मध्ये पॅरिस सेंट-जर्मेंला त्याच मानासाठी 17 सामने खेळावे लागले. पूर्वी सामान्यतः देशाचा विजेता आणि गतविजेता यांनाच प्रवेश असे. 1997 नंतर बलाढ्य देशांच्या उपविजेत्यांना आणि पुढे चौथ्या क्रमांकालाही दार उघडले, आणि 2004 मध्ये इंग्लंडच्या लीगमध्ये, म्हणजे हंगामभराच्या साखळी स्पर्धेत, चौथा आलेला लिव्हरपूल 2005 मध्ये युरोपचा विजेता ठरला. कसोटीत ब्रॅडमन यांच्या धावा 6,996 आणि तेंडुलकर यांच्या 15,921 आहेत, तरी 99.94 ही सरासरी माहीत असणारा क्रिकेटरसिक बेरजेवर थांबत नाही. (सभागृहातील कुजबुज पाहता, तेंडुलकर यांच्या थोरवीला येथे धक्का लावलेला नाही, हे तातडीने नोंदवणे सुरक्षित ठरेल.)

नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबचे उदाहरण ओझरते देण्याचा बेत होता, परंतु ते तेवढ्यात आटोपणारे नाही. ब्रायन क्लफ यांच्या मार्गदर्शनाखालील हा संघ 1977 मध्ये दुसऱ्या श्रेणीतून तिसऱ्या क्रमांकाने वर आला, 1978 मध्ये थेट इंग्लंडचा विजेता झाला, आणि युरोपीय चषकाच्या पहिल्याच फेरीत त्याची गाठ सलग दोन वर्षे चषक जिंकलेल्या लिव्हरपूलशी पडली. एक सामना घरच्या व एक परक्या मैदानावर खेळून गोलांची बेरीज करण्याच्या पद्धतीत फॉरेस्टने 2-0 आणि 0-0 अशी ती फेरी जिंकली. उपांत्य फेरीत कोलोनशी घरी 3-3 अशी बरोबरी झाल्यावर आशा संपल्यासारखीच होती, तरी जर्मनीत इयान बोयर यांच्या गोलवर 1-0 असा विजय मिळाला, म्युनिकमधील अंतिम सामन्यात ट्रेव्हर फ्रान्सिस यांच्या हेडरने माल्मो हरला, आणि पुढच्या वर्षी माद्रिदमध्ये जॉन रॉबर्टसन यांच्या गोलने हॅम्बुर्गही. देशाची लीग एकदाच आणि युरोपचा चषक दोनदा जिंकणारा दुसरा क्लब नाही.

15 चषकांचे रिअल माद्रिद कोणत्याही मापाने पहिलेच ठरते, हा मागच्या रांगेतील आक्षेप पूर्णतः मान्य आहे. वाद दुसऱ्या क्रमांकापासून खाली आहे. युव्हेंटसने 9 अंतिम सामने खेळून 2 चषक मिळवले, फॉरेस्टने 2 खेळून 2, आणि तरीही बेरजेच्या तक्त्यात दोघांमध्ये अनेक पाने उलटावी लागतात.

अध्यक्षांची दुसरी चिठ्ठी आल्याने बेन्फिका आणि सेल्टिक यांचा भाग वगळावा लागत आहे. तक्ते छापणाऱ्यांनी प्रत्येक बेरजेशेजारी सहभागाची वर्षे आणि सामन्यांची संख्या छापावी, एवढीच विनंती. फॉरेस्टच्या ओळीत मग असे दिसेल: 3 हंगाम, 20 सामने, 12 विजय, 4 बरोबरी, 4 पराभव, 2 चषक.