समुद्र किती वेळ देतो?

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. समुद्राचा तळ सुमारे १,३०० किलोमीटर लांबीवर हलला आणि चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांहून अधिक माणसे गेली. भूकंप एकच, पण किनाऱ्या-किनाऱ्यावर त्याचा हिशेब निराळा लागला. तो निराळा का लागला, एवढ्याच प्रश्नावर आज बोलणार आहे.

भूकंपाच्या केंद्राला अगदी लागून असलेले बेट म्हणजे सिमेलुए. लोकसंख्या पाऊण लाखाच्या पुढे, आणि मेले फक्त सात जण! १९०७ साली याच बेटावर मोठी लाट येऊन गेली होती. तेव्हापासून आजी-आजोबा नातवंडांना गाण्यांतून, गोष्टींतून सांगत आले होते: जमीन जोरात हलली आणि पाणी ओसरायला लागले, की डोंगर गाठायचा. त्या सकाळी ‘स्मोंग, स्मोंग’ (त्यांच्या भाषेत त्सुनामी) अशी हाकाटी झाली आणि गावेच्या गावे वर गेली. लाट यायला दहा-पंधरा मिनिटेही नव्हती, पण तेवढी पुरली. समोरच्या आचेहच्या किनाऱ्यावर ही आठवण कुणी जपलेली नव्हती. तिथला आकडा लाखाच्या पुढे गेला.

श्रीलंका आणि तामिळनाडूला साधारण दोन तास मिळाले. पण भूकंपाचे केंद्र इतके दूर होते, की जमिनीने कुणाला सावध केले नाही. हिंदी महासागरात तेव्हा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. श्रीलंकेत पेरालिया येथे पहिल्या लाटेने एक रेल्वेगाडी थांबली. आसपासचे गावकरी आसरा म्हणून त्या गाडीत चढले, लेकरांना डब्यांत बसवले. मागून आलेली लाट पहिलीपेक्षा मोठी होती. हजाराहून अधिक माणसे त्या एका गाडीपाशी गेली. पहिली लाट ओसरली म्हणजे संकट टळले नाही, एवढी एक गोष्ट ठाऊक असती तरी किती जण वाचले असते!

आता जपानकडे या. ११ मार्च २०११. भूकंपानंतर तीन मिनिटांत इशारा निघाला, जगात इतकी तत्पर व्यवस्था क्वचितच असेल. पण पहिल्या हिशेबात भूकंप लहान धरला गेला, आणि इवाते प्रांताला तीन मीटरच्या लाटेचा अंदाज मिळाला. तिथल्या तारो गावाची समुद्र अडवणारी भिंत दहा मीटर उंच होती. तीन मीटर ऐकून माणूस निर्धास्त होणारच. लाट भिंतीवरून आत आली.

त्याच दुपारच्या दोन शाळा बघा. कामाइशीची मोठी मुले शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या लहानग्यांचे हात धरून पळाली. ठरलेल्या जागी पोहोचल्यावरही ती थांबली नाहीत, आणखी वर चढली आणि वाचली. ओकावाच्या शाळेमागे टेकडी होती. तिथे मुलांना पाऊण तास मैदानातच थांबवून ठेवले. ७४ मुले गेली. ही शाळा मनातून जात नाही.

पण जमीन हलण्याची खूणही सगळीकडे मिळत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीची एक बाजू समुद्रात कोसळली. मोठा भूकंप नव्हता, म्हणून इशाराही नव्हता. रात्री किनाऱ्यावर जमलेली चारशेहून अधिक माणसे दगावली. अशा ठिकाणी पाण्याच्या पातळीवर अहोरात्र नजर ठेवणारी यंत्रेच हवीत, लोकस्मृती तिथे अपुरी पडते.

आणि आपण? २८ नोव्हेंबर १९४५ रोजी आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. काही तासांनी त्याची लाट मुंबईत आली आणि इथेही माणसे वाहून गेली. मकरानची लाट आपल्याला तास देते, मिनिटे नव्हे. हैदराबादच्या त्सुनामी इशारा केंद्रातून २००७ पासून इशारेही निघतात. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांनी सराव करून, सुटकेच्या वाटा आखून युनेस्कोची मान्यता मिळवली. कोकणच्या ७२० किलोमीटर किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळीवाड्यात असा सराव वर्षातून एकदा व्हावा, आणि तो शाळेपासून सुरू व्हावा, ही मागणी मी या व्यासपीठावरून करत आहे.