आधीं ऐकून घ्यावें



शिक्षक असतांना मीं एकदां अन्याय केला. दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत एकाच गणितांतील चूक तंतोतंत सारखी आढळली. मीं कांहींएक न विचारतां दोघांनाही शून्य गुण दिले. पुढें कळलें कीं, दोघांनीं तें गणित एकाच सदोष मार्गदर्शिकेवरून पाठ केलें होतें!

अशी घाई मोठ्या संस्थांकडूनही होते. उत्तर प्रदेशांत १९५४ सालच्या इंटरमीजिएट परीक्षेंत उत्तीर्ण ठरलेल्या तीन विद्यार्थ्यांवर गैरमार्गाचा आरोप आला. मंडळानें त्यांचें म्हणणें न ऐकतांच निकाल रद्द केले व पुढील वर्षींच्या परीक्षेसही बसण्यास मनाई केली. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, अशा शिक्षेपूर्वीं विद्यार्थ्यास आपली बाजू मांडण्याची संधि मिळालीच पाहिजे. सामुदायिक नकलेचा अपवाद सोडल्यास विद्यापीठांच्या चौकशीसही हाच दंडक लागू आहे.

प्रबंधांतील वाङ्मयचौर्यासाठीं विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं नियम केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाहीं. ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द. परंतु चौकशी मंडळानें नैसर्गिक न्याय पाळावा, असेंही त्यांत बजावलें आहे. तें योग्यच होय. यंत्र साम्य मोजतें. त्याचें कारण विद्यार्थ्यासच विचारावें लागतें.

मीं त्या दोघांचे गुण दुरुस्त केले, क्षमाही मागितली. तथापि त्यांतील एक मुलगा मजकडे पुन्हां कधींही शंका विचारावयास आला नाहीं.